पिवळ्याभोवती गडद

सारच्या कंपाउंडात, बंगला नंबर चौदा,
हिरवळीवर पाच डाग.
ताटलीएवढे. मधलं वाळून पिवळं,
भोवतीचं गवत मात्र असं माजलेलं, असं गडद,
की कुणी काजळानं गोल काढला असावा.

नायलाबाईंनी विचारलं, हे काय?
मी बोट दाखवलं.

झातर खजुराखाली झोपली होती,
म्हातारी, एक कान दुमडलेला.
मादी बसून करते, सगळं एका जागी,
तिथलं गवत जळतं, एवढं मला ठाऊक होतं.
तेवढंच मी सांगितलं.
तिला मागच्या फरशीवर बांधलं,
एसीचं पाणी ठिबकतं तिथे.
जूनमधली फरशी. बहरीनचा जून.

खात्री करायची म्हणून
डागातलं मूठभर गवत धरून ओढलंही.
सतरंजीसारखं सुटून आलं तर अळी,
मुळं धरून राहिलं तर मूत.
धरून राहिलं.
मला बरं वाटलं, हे लिहायला हवं.

मग पुढच्या शनिवारी खताची गोणी खांद्यावर घेतली
आणि मानेवर दाणे सांडले.
खालची शिवण उसवलेली.
मागे वळून पाहिलं:
नळापासून बोगनवेलीपर्यंत माझी रोजची वाट,
आणि तिच्यावर तीन डाग, ओळीनं,
माझ्या एकेका ढांगेवर.

कुत्रं काय दोरी धरून मुतत जातं?

गवताला तिचं नि माझं वेगळं कळत नाही.
नत्र ते नत्र.
कडेला थोडं पोचतं, तिथे गडद होतं,
मध्ये फार साचतं, तिथे जळतं.
अति तेथे माती म्हणतात,
माझ्या हातात ती खरोखरच होती, नखांत सुद्धा.

आणि ही हिरवळ पिते तरी काय?
अख्ख्या शहराचं वापरून झालेलं पाणी,
गाळून, जांभळ्या पाइपातून, रात्री दोन वाजता.
त्यात नायलाबाई आहेत, बँकेतले साहेब आहेत,
आमच्या लेबर कॅम्पातल्या चौदा खोल्या आहेत.
आमचं सगळ्यांचं चालतं.

बारा दिवस मी बोललो नाही.
व्हिसाचा महिना होता,
आणि हमदुले सुपरवायझर म्हणाला होता,
नवीन रोल लागले तर पगारातून जातील, बघ.

बारा दिवस मी डाग दुरुस्त करत राहिलो.
मेलेलं खरवडून काढलं.
तीन संध्याकाळी पाणी सोडलं, हळू,
मीठ मुळांच्या खाली उतरेपर्यंत.
कुंपणाकडेचं, कुणाच्या नजरेत न येणारं गवत
वाटीवाटीएवढं मातीसकट कापून आणलं,
खळग्यात बसवलं, टाचेनं दाबलं.
गेटजवळच्या कोपऱ्यात बारीक खडी पसरली, तिच्यासाठी.
शेजारचा ड्रायव्हर म्हणाला, टोमॅटोचा रस पाज तिला,
नाहीतर सोडा घाल पिण्यात.
म्हातारीच्या पोटात कशाला काही घालायचं?
तिनं केलं की लगेच त्याच्या तिप्पट पाणी ओतायचं, झालं.
पण त्यासाठी ती मोकळी हवी.

फरशीवरून ती माझ्याकडे बघायची.
भुंकली नाही कधी.

तेराव्या दिवशी सांगितलं.
तीन माझे, दोन तिचे.
नायलाबाई अरबीत काहीतरी म्हणाल्या,
कळलं नाही, पण ते मला उद्देशून होतं.
मग चप्पल न घालताच मागे गेल्या,
आणि फरशीवर पाऊल पडताच थबकल्या.
तशाच उड्या मारत पोचल्या, दोरी सोडली.

झातर आली. घाई नाही काही.
खडीचा वास घेतला, आवडला नसावा.
हिरवळीवर चढली,
नव्या चकत्या एकेक हुंगत निघाली,
तिसरीपाशी थांबली, गोल फिरली,
माझ्याकडे पाहत पाहत
बसली.

मी झारी घेऊन नळाकडे धावलो.